डाव्या हाताचा आशीर्वाद

वर्षाच्या गालावरचा तीळ डावीकडे आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तिच्या व्हिडिओंत तो उजवीकडे दिसतो आणि खाली लोक लिहितात, 'नजर लागू नये म्हणून देवानेच लावलेला ठिपका!' देवाने लावला तो डावीकडे. उजवीकडे नेला तिच्या मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्याने, कारण तो आरशासारखं सगळं उलटं दाखवतो. मी हे तिला सांगितलं तर म्हणाली, "जानू, तू माझे व्हिडिओ इतके निरखून बघतंस?"

बघते. सगळे बघते. आणि प्रत्येक वेळी पोटात कुणीतरी कोकमाचा आंबट आगळ ओतल्यासारखं होतं.

वर्षा माझी चुलत बहीण, काशिनाथकाकांची मुलगी. ते राहतात साखळीला, आम्ही पार्सेत. दोघीही दहावीत. गणपती आमच्याकडे, म्हणून चवथीला काकांचं सगळं बिऱ्हाड इथे येतं. लहानपणी मी वर्षाची वाट बघत गेटवर उभी असायची. आता तिच्या आधी तिचा मोबाईल गेटमधून आत येतो, हात लांब करून धरलेला, "हाय गाइज, वी आर इन पार्से!"

मीसुद्धा काही कमी नाही बरं का. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही माझा आवाज घशात अडकायचा. ह्या जूनपासून प्रार्थनेनंतर बातम्या वाचायचं काम माझ्याकडे आहे. माईकपुढे उभी राहिले की मागच्या रांगेतली पोरंसुद्धा खुसखुस थांबवतात. आमच्या बाई म्हणाल्या, "जानकी, तुझा आवाज रेडिओवर शोभेल." मी दोन दिवस जमिनीवरून चालतच नव्हते. मग वर्षाने फोनवर सांगितलं की तिचा चिबडाच्या रसाचा व्हिडिओ अकरा हजार लोकांनी बघितला. आमच्या शाळेत सगळी मिळून चारशे मुलं आहेत. मी धप्पकन खाली आले.

पण खरी आग लागली ती माटोळीच्या व्हिडिओवरून.

माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, फुलं, शेंगा बांधायच्या. आमच्याकडे हे काम बाबांचं आणि माझं. चवथीच्या आधी आम्ही दोघं सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, भटकतो. मोपाहून उडालेली विमानं डोक्यावरून जात असतात आणि आम्ही झुडपांत वाकून घागऱ्यांच्या शेंगा खुडत असतो. वाळल्या की त्या खुळखुळ वाजतात. कुठली वेल कुठल्या झाडावर चढली आहे, हे मला आमच्या परसातल्यासारखं पाठ आहे.

ह्या वर्षी वर्षा आधीच आली आणि आमच्यासोबत सड्यावर आली. "जानू, ह्याका किदें म्हणटात? आनी ह्याका?" मी सांगत गेले. ती मागे वळून, केस उडवून, कॅमेऱ्याला सांगत गेली. माझं ज्ञान, तिचं तोंड! शेवटी तिने लालबुंद कवंडाळ गालाशी धरलं आणि म्हणाली, "आणि ह्याची भाजी तर काय टेस्टी होते, गाइज!"

कवंडाळाची भाजी! ते कडूजार फळ. शोभेचं. आमच्याकडे कुणी तोंडातही घालत नाही.

मी व्हिडिओखाली लिहिलं, 'कवंडाळ खायचं नसतं. चुकीची माहिती देऊ नये.' वर्षाने ते पुसून टाकलं. मी पुन्हा लिहिलं. तिने पुन्हा पुसलं. मी जेवणाच्या पानावर विषय काढला तर सगळ्यांसमोर म्हणाली, "मोठी आई, ही माझ्यावर जळता गो!"

माझी आई, जिला ती मोठी आई म्हणते, हसली. काकी हसली. काकासुद्धा. आणि माझे कान इतके तापले की जळते आहे हे वेगळं सांगायची गरजच उरली नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या कुठल्याही बोलण्यावर एकच शिक्का. मी म्हटलं, पावाचे उंडे शिळे आहेत, तर काका म्हणणार, "वर्षान हाडले म्हणून शिळे काय गो?"

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही हॉलमध्ये माटोळी बांधत होतो. बाबा कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, उभे, मी खालून एकेक वस्तू देत होते. आमच्याकडे पहिली चढते नारळाची पेंड, म्हणजे नारळांचा घड, आणि ती देवाच्या उजव्या हाताला. सुपारीचा घोस डाव्या हाताला. दुसऱ्या घरांत दुसरी रीत असेल, आमची ही. बाबा केवणीच्या झाडाच्या सालीची गाठ मारत होते आणि काका खालून फुकटच्या सूचना देत होते, तेवढ्यात आतून वर्षाची किंकाळी आली.

मला वाटलं, पाल पडली अंगावर. (खरं सांगायचं तर थोडं बरं वाटलं.)

"बाबा! म्हाका सिलेक्ट केलां! फायनलाक!"

ती धावत आली आणि मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवू लागली. 'महामाटोळी उत्सव' नावाच्या कुणीतरी तिला निरोप पाठवला होता. सोनेरी अक्षरं, सोनेरी चषक. तिचा माटोळीचा व्हिडिओ संपूर्ण गोव्यातून निवडला होता. पणजीला मंचावर सत्कार, टीव्हीवर मुलाखत.

मुलाखत. टीव्हीवर. कवंडाळाच्या भाजीबद्दल.

"माजें चेडूं गो!" काकांनी तिला जवळ घेतलं. काकीने देवाजवळची साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली. माझ्याही. ती साखर मला कडू लागली, आई शपथ. मी मनात मंच बघितला, माईक बघितला, त्या माईकपुढे मला बघितलं, आणि मग कुणीतरी मला हाताला धरून खाली उतरवलं आणि तिथे वर्षा उभी केली.

"गेल्या वर्षीची पयल्या नंबराची माटोळी बघ," निरोपासोबत आलेला फोटो दाखवत काका मला म्हणाले, "म्हणजे कळात कशी बांधूक होयी ती."

मी मोबाईल घेतला. खोट काढायचीच ह्या इराद्याने घेतला. फोटोवर पिवळसर झाक होती, खालच्या भागावर सोनेरी चषक चिकटवलेला. पण माटोळी? माटोळी इतकी देखणी होती की माझा जीवच जळाला. कवंडाळं लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने उतरत आलेली, दोन कवंडाळांच्या मध्ये घागऱ्यांचा झुबका, कानातल्या झुमक्यासारखा. ही कल्पना तर माझी होती! गेल्या वर्षी मला सुचली तेव्हा बाबा म्हणाले होते, असं कुणी केलेलं मी बघितलं नाही. आणि इथे कुणीतरी तेच करून पहिला नंबर घेऊन बसलं होतं. आमच्यापेक्षा चांगलं करून. त्यांची नारळाची पेंड तर देवाच्या डाव्या हाताला होती, म्हणजे आमची रीतही नाही, तरी कशी भरदार दिसत होती.

आता मला वर्षाबरोबर त्या अनोळखी घराचाही हेवा वाटायला लागला. एका दुपारी दोन-दोन हेवे. दमछाक होते हो.

बाबांनी कदेलावरूनच वाकून फोटो बघितला. "बांधणारो जाणतो आसा," ते म्हणाले. "गाठ बघ कशी मारल्या ती."

बाबा! तुम्हीसुद्धा!

मी मोबाईल वर्षाच्या हातात दिला. ती पुढचे निरोप वाचू लागली. नाव पक्कं करायला घराचा पत्ता द्या. घराच्या दर्शनी बाजूचा फोटो पाठवा. आणि आता तुमच्या मोबाईलवर एक नंबर येईल, तो आम्हाला लगेच कळवा, उशीर झाल्यास तुमची जागा दुसऱ्या स्पर्धकाला जाईल.

टिंग! नंबर आलासुद्धा.

"आधी फोटो पाठवू काय नंबर?" वर्षा म्हणाली.

"नंबर, नंबर!" काका म्हणाले. "जागा जायत मगे! जानू, तू भायर वच, घराचो फोटो काढ बरो."

मी! तिच्या सत्कारासाठी मी घराचे फोटो काढायचे! मी तिथेच रुतून उभी राहिले. वर्षाच्या मोबाईलवर तो विजेता फोटो अजून अर्धा दिसत होता, आणि मी त्याच्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. काहीतरी सापडू दे. एखादं सडकं फळ. एखादी सुटलेली गाठ. म्हणून ह्या वेळी माटोळी सोडून खाली बघितलं, चषकाच्या कडेने दिसणाऱ्या मूर्तीकडे. सोंड चषकाआड गेली होती.

गणपती आशीर्वाद देत होता. डाव्या हाताने.

मी डोळे मिटून आमच्या गणपतीसारखा हात वर करून बघितला. उजवा. पुन्हा फोटो बघितला. डावा.

"वर्षा, थांब," मी म्हटलं. "पाठवू नको. ह्या फोटोत काहीतरी गडबड आहे."

"झालां सुरू," वर्षा म्हणाली.

"अगो, गणपती डाव्या हातान आशीर्वाद दिता!"

"मूर्तिकारान केलो आसतलो वेगळो," काका म्हणाले. "आजकाल कसलेय गणपती करतात. बंदूकवालो गणपतीय केल्लो खंय थंय."

"जानू," आई दबक्या आवाजात म्हणाली, "तिच्या आनंदात कशाला गो मोडता घालतेस? उद्या तुझंही होईल काहीतरी."

"मी मोडता घालत नाही!"

"मगे किदें करता?" वर्षाने वळून बघितलं. "माझो फोन वाजलो तरी तुका पोटदुखी. कवंडाळावेल्यान चार दीस झगडलें. आता गणपतीचो हात. सांग सगळ्यांमुखार, तू जळता काय ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. इथे मी 'नाही' म्हटलं असतं तर संपलंच असतं, कारण ते खोटं आहे हे भिंतीवरच्या पालीलाही माहीत होतं. आणि खोटं बोलणाऱ्या मुलीचं पुढचं वाक्य कोण ऐकणार? मी प्रार्थनेनंतर बातम्या वाचते तसा श्वास घेतला.

"जळतंय," मी म्हटलं. "जळतंय! तुझ्या अकरा हजारांवर जळतंय, तुझ्या केसांवर जळतंय, त्या तिळावर जळतंय. पुरे? पण माझ्या जळण्यान त्या गणपतीचो हात बदलत नाय! माझ्याकडे बघू नको. फोटोकडे बघ."

वर्षाचं बोट मात्र चालू होतं. त्या नंबरातले आकडे ती एकेक करून निरोपाच्या चौकटीत टाकत होती, ओठ हलवत.

"बाबा," मी कदेलाकडे वळले, आवाज फाटला, "त्या गणपतीचं जानवं उजव्या खांद्यावर आहे."

बाबांच्या हातातली केवणीची दोरी थांबली.

"उजव्या?"

"उजव्या."

"चवथीच्या गणपतीचां जानवां उजव्या खांद्यार?" बाबा खाली उतरले. "तसां श्राद्धाक घालतत. खंयचो मूर्तिकार असां करीत?"

काकांनी मान पुढे काढली. वर्षाचं बोट शेवटच्या आकड्यावर थबकलं, आणि तेवढं मला पुरे झालं. मी तिच्या हातातून मोबाईल हिसकावला आणि आईबाबांच्या खोलीत पळाले. मागून "जानू!" "अगो पिशी झालां काय तू!" आणि सगळी वरात.

आईच्या आलमारीला आरसा आहे. मी तो फोटो पूर्ण मोठा केला आणि मोबाईल आरशासमोर धरला.

आरशात गणपतीने उजवा हात वर केला. जानवं डाव्या खांद्यावर आलं. नारळाची पेंड देवाच्या उजव्या हाताला गेली, सुपारीचा घोस डाव्या हाताला. कडेला एक जनेल दिसत होतं, त्याचं खालचं तावदान फुटलेलं. आणि फोटोच्या अगदी टोकाला, कापलं जाता जाता राहिलेलं कुणाचं तरी अर्धं डोकं, वेणीत अबोलीचा गजरा.

तो गजरा मी ओळखत होते. गेल्या चवथीला दुपारपर्यंत माझ्या वेणीतून सगळा गळला म्हणून आई ओरडली होती, तोच.

"ही आपली माटोळी," मी म्हटलं.

ती आमचीच होती. गेल्या चवथीची. बाबांनी हौसेने गावाच्या ग्रुपवर टाकलेली, तिथून कुठे कुठे गेली कोण जाणे. तेव्हा हॉल हिरवा होता, मे महिन्यात आम्ही गुलाबी रंग दिला आणि तावदानही बदललं, म्हणून भिंत बघून कुणाला काही आठवलं नाही. कुणीतरी फोटो उलटा केला, वर पिवळी झाक मारली, चषक चिकटवला, झाली पहिल्या नंबराची माटोळी. ज्याने केलं त्याच्या घरी चवथ नसणार, नाहीतर देवाचा हात उलटा करताना त्याचा स्वतःचा हात थरथरला असता.

बाबा आरशात वाकून बघत राहिले. "तरी म्हणतंय," ते हळूच म्हणाले, "गाठ खंयतरी बघल्यासारखी दिसता."

मी तर स्वतःच्याच माटोळीवर जळत होते! हसू की रडू कळेना.

काकांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि नंबर आला होता तो संदेश पहिल्यांदाच पूर्ण वाचला. आतापर्यंत आम्ही सगळ्यांनी त्यातले आकडे तेवढे बघितले होते. आकड्यांच्या खाली इंग्रजीत लिहिलं होतं की कुणीतरी तुमच्या खात्याचा पासवर्ड बदलू बघत आहे, हा नंबर कुणालाही देऊ नका. स्वच्छ लिहिलं होतं. काकांनी ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा एकदा मनात वाचलं, आणि खाटेवर बसले.

"नंबर दिल्लो जाल्यार?" वर्षाने विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता.

"तुझं खातं त्याचं झालं असतं," मी म्हटलं. "मग तुझ्या नावाने, तुझ्या फोटोसकट तो सगळ्यांशी बोलला असता. तुझ्या मैत्रिणींशीसुद्धा. त्यांच्याकडेही असेच नंबर मागितले असते. वर घराचा पत्ता आणि फोटो."

"घराचो फोटो कित्या होयो रे तेका?" बाबा एकदम चिडले, जणू तो माणूस दारातच उभा होता. "माझ्या घराचो?"

वर्षाने चौकटीत टाकलेले आकडे पुसले. 'महामाटोळी उत्सव'ची तक्रार नोंदवली आणि त्याला बंद केलं. तिचे डोळे भरले होते, आणि मला राग आला, कारण रडतानाही ती सुंदर दिसते. मी रडले की नाक तेवढं लाल होतं.

"पासवर्डही बदल," मी म्हटलं. "आणि पुन्हा सातेरी देवीच्या नावाचा ठेवू नको."

ती दचकली. "तुका कसो खबर?"

"आपल्या घरात दुसरा कुठला असणार? तुझा सातेरी, काकांचा सातेरी, आईचा सातेरी, पुढे जन्माचं साल."

काका खाटेवरच चुळबुळले. आईने पदराने तोंड पुसायचं निमित्त केलं. बाबा म्हणाले, "माझो वेगळो आसा." मग थोडं थांबून, "भगवती."

आम्ही हॉलमध्ये परत आलो तेव्हा माटोळी अर्धीच टांगलेली होती. वर्षा न सांगता खाली बसली आणि मला फळं देऊ लागली. मग घागऱ्यांचा झुबका माझ्या हातात देताना म्हणाली, "तू जळता म्हणूनच इतलें बारीक पळयता. माझ्या मैत्रिणी पळयनात. लाइक मारतात आनी फुडें वतात."

"तुझ्या तिळाचंही मीच पकडलं."

"व्हय गो बाय, पकडलें!" ती हसली. मला तिला चिमटा काढायचा होता, पण हातात घागऱ्या होत्या.

संध्याकाळी तिने तो कवंडाळाच्या भाजीचा व्हिडिओ काढून टाकला. मला विचारून नव्हे, आपणहून. आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. "तू उलय. मी धरतां. उलट्या फोटोचें सगळें सांग, कवंडाळाचेंय सांग."

आलमारीच्या आरशाकडे पाठ करून मी बोलले. माईक नव्हता, मागची रांग नव्हती, तरी मी थांबलेच नाही. निवड झाली म्हणणाऱ्याने फोटो कुठून आणला ते बघा. हात बघा, जानवं बघा, अक्षरं बघा, आरशासमोर धरा. आलेल्या नंबराखालचं वाक्य वाचा. आणि कवंडाळ खाऊ नका. काकीने दारातून टाळ्या वाजवल्या. बाबा म्हणाले, "बातम्यांपरस बरां झालां."

चवथीच्या सकाळी आरती व्हायच्या आधी मी गुपचूप मोबाईल उघडून बघितलं. वर्षाच्या खात्यावरचा माझा व्हिडिओ तीन हजार लोकांनी बघितला होता! तीन हजार! मी खाली लिहिलेलं वाचायला लागले.

'वर्षा खंय?'

'आज वर्षा का नाही बोलली?'

'आरशात बघा, मोबाईल धरून वर्षा उभी आहे! किती गोड!'

मी व्हिडिओ पुन्हा लावला. खरंच, माझ्या खांद्यामागे आरशात ती दिसत होती, मान कलती करून हसत. आणि आरसाच तो, त्यामुळे तीळ परत उजवीकडे.